चुन्याखालच्या रेघा

वैनगंगेचा पूर ओसरला की बाबा आधी हातात गेरूचा खडा घ्यायचे. पडवीच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथवर रेघ ओढायचे, मगच गाळ उपसायला लागायचे. पहिल्या दोन रेघांच्या मध्ये माझं अख्खं लहानपण गेलं. पुढंपुढं मात्र एकीचा गेरू फिका पडायच्या आत दुसरी यायला लागली.

बाबा गेले. दोन वर्षांनी नाकाडोंगरीकडची मुलगी मला सांगून आली आणि तिच्या घरचे घर पाहायला येणार होते. आदल्या दिवशी आई म्हणाली, "पोरीवाल्यायले हे दिसलं तं देतीन का पोरगी? चुना मार." मी मारला. गेरू डोकावत होता म्हणून तिसरा हातही दिला.

पाहुण्यांनी विचारलंच, "नदी जवळ हाये, पानी येते का जी?"

"नाई जी, इथवर कायचं येते!" मला लाजही वाटली नाही. शेजाऱ्यांनीही तोंड उघडलं नाही. त्यांच्याही घरी पोरं लग्नाची होती.

लग्नानंतर पूर आला तेव्हा बायकोला म्हणालो, कधी नव्हे तो आला. रेघ ओढली नाही, चुना मारला. त्याच्या पुढच्या पुरानंतरही तेच. एक खोटं झाकायला किती चुना लागतो, ते मला विचारा.

यंदा घरात कमरेइतकं पाणी शिरलं. मागोमाग सर्वेक्षणाचा माणूस आला. ज्यांच्या घरात पाणी वारंवार येतं, त्यांनाच वरच्या अंगाला जागा मिळणार होती. आम्हाला ती हवीच होती; आमची लेक आता चालायला लागली आहे.

"आजवर कितीदा आलं पाणी?"

"आठदा तरी."

"काही खूण?"

"बाबांनी दर पुराला ओढलेल्या गेरूच्या रेघा होत्या, चुन्याखाली गेल्या." मी भिंतीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. "यंदाची ओल तेवढी दिसते," म्हणाला आणि कागदावर 'एकदा' लिहिलं.

बायको दारातच उभी होती. "आठदा?" म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली, फळीवरचा बाबांचा गेरूचा खडा आणून माझ्या हातात ठेवला.

"काढा. माह्या येन्याआधीच्या साऱ्या."

तो माणूस अजून अंगणातच बुटांचा गाळ झटकत होता. मी खडा भिंतीला टेकवला आणि तसाच उभा राहिलो. बाबांची एकही रेघ कुठं होती, ते मला आठवेना.