ओटीपी कुणालाही नाही

बोईसरच्या बाजारात मी बावीस वर्षं मासळी विकते. पापलेटाचा डोळा आणि गिऱ्हाइकाचा डोळा, दोन्ही मला वाचता येतात. एकदाच फोनवरच्या एका गोडबोल्याला ओटीपी सांगून फसले. तेव्हापासून शपथ, ओटीपी सख्ख्या भावालाही नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात दातिवऱ्याहून नवापूरला माझ्याकडे आली. दोन दिवसांत आमच्या आळीतली आशाताई, घरोघर गरोदर बायांची नोंद ठेवणारी, दारात हजर. लेकीचं नाव सासरच्या यादीतून तिच्या फोनमधल्या यादीत घ्यायचं होतं. नावापुढे नंबर माझा होता, म्हणून ओटीपी माझ्याकडे आला.

"काकी, सहा आकडे सांगा फक्त."

"नाय मिळणार. पोर माझी, फोन माझा."

"मला काय चोर समजता तुमी?"

"चोर काय पाटी लावून फिरतो, बाय?"

सगळी आळी हसली. ती लाल होऊन गेली ती पुन्हा फिरकली नाही. शेजारच्या सुनेच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची आणि आमच्या दारावरून मान वळवून जायची. तो राग माझ्या मनात आजही आहे.

लेकीचे पाय सुजले. मी म्हटलं, आमचेही सुजले होते. एका सकाळी ती सुकट वाळत घालता घालता मटकन खाली बसली.

"आये, सगळं दोन-दोन दिसतंय."

आशाताई शेजारीच होती. मी तिला मनगटाला धरून ओढत आणलं.

"काकी, यादीत नाव नाय हिचं. भरू कुठे?"

"भरणं गेलं खड्ड्यात! आधी पट्टा बांध!"

तिनं बांधला. आकडा बघितला. सोडून पुन्हा बांधला.

"रिक्षा बोलवा. आत्ता."

रिक्षात तिनं नवा ओटीपी मागवला. मी एका दमात सांगितला. लेकीचं पान उघडलं आणि वर लाल खूण. दातिवऱ्याच्या आशाताईनं लेक निघायच्या आदल्या दिवशी भरलेली: रक्तदाब जास्त, दर आठवड्याला तपासणे.

"तिकडची ताई बोलली होती," लेक डोळे मिटून म्हणाली, "नवापूरची ताई येईल तपासायला. मी वाटच बघत होते."

पाच आठवडे ती खूण तिथं होती आणि किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीतल्या फोनात.

हॉस्पिटलात लगेच ऑपरेशन झालं. लेक आणि नात, दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईला गाठलंच. "यादीत नव्हती, पण डोळ्यांना तर दिसत होती ना पोर?"

"दिसत होती," ती म्हणाली. "तुमीपण दिसत होता, दारात कोयता घेऊन मासळी कापताना."

तेवढ्यात नातीच्या नोंदणीचा ओटीपी आला. मी फोनच तिच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून बसले.