पहिला तांब्या पाजीचा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. टँकर भरायला तास-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात चार माणसं लिंबाखाली बसली की ते आपोआप साचतात. आमच्या भागात गेली दोन वर्षं साचणारी तेवढी एकच गोष्ट उरलीय. तलाव कोरडा, विहिरी कोरड्या, कारखान्याचा बॉयलर थंड. ऊसच नाही तर गाळणार काय, चेअरमनचं डोकं?

तलाव कसा आटला हे वडीलधाऱ्यांना विचारू नका. पाऊस झाला नाही म्हणतात. निम्मा तलाव त्यांच्याच उसानं प्यायला, ते सांगत नाहीत.

तर चेअरमन अण्णांनी उसाच्या दोन ट्रकांवर लोखंडी टाक्या बसवल्या आणि त्यांवर 'कारखाना सभासदांच्या दारी' असं रंगवून घेतलं. एका टँकरवर मी. बीडच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो. घरचे म्हणतात नापास झाला, मी म्हणतो कंटाळलो. दोन्ही खरं आहे. दुसऱ्या टँकरवर गुरमेलसिंग. सहा फूट उंच, दाढी निम्मी पांढरी, पगडी कायम आकाशी. आम्ही त्याला पाजी म्हणतो. तो मला 'कॉलेज' म्हणतो. सगळ्या पंचक्रोशीत सरदार तेवढा हा एकच. आणि दिवस असे, की तिकडं पंजाबात बंदुका घेतलेली पोरं वेगळा देश मागतायत, आणि इकडं बोरवाडीच्या पारावर त्याचा जाब पाजीला विचारला जातोय!

*

पाजी इथं आलाच कसा, हा पहिला किस्सा.

दहा-बारा वर्षांपूर्वी कारखान्याची मशिनरी घेऊन त्याचा ट्रक आला आणि गेटवरच ॲक्सल तुटला. अण्णा म्हणाले, "आठ दिवसांत पार्ट मागवतो, तवर आपल्याच कॉलनीत राहा."

आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. अण्णांच्या भाषेत आठ दिवस म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं, त्या बिचाऱ्याला नव्हतं. तवर त्यानं कारखान्याच्या सगळ्या गाड्या दुरुस्त करून दिल्या, सिरसाळ्याच्या बाजारात भाव करायला शिकला, पिठल्यात कांदा जास्त का म्हणून भांडायला लागला. तिसऱ्या वर्षी पार्ट आला.

पाजीनं खोका उघडून बघितला आणि म्हणाला, "आता कावून आणला बे?"

*

संध्याकाळी बोरवाडीच्या हॉटेलात रेडिओ लागतो. पंजाबात अतिरेक्यांनी बस अडवली, अमुक ठिकाणी गोळीबार केला, अशी बातमी आली की सगळं हॉटेल वळून पाजीकडं बघायचं. जणू उरलेला तपशील त्याच्या खिशात आहे!

बोरवाडीचे पोलीस पाटील म्हणजे तात्या. वय साठीकडं, धोतर, टोपी, आणि आवाज असा की बैल दचकतो. तात्या एक दिवस म्हणाले, "काय सरदार, काय चाललंय हे?"

पाजी चहात पाव बुडवत होता. "तात्या, तुमच्याच रेडिओवर आलं ना?"

"आलं की."

"मग मला काय इचारता? रेडिओ दिल्लीवरून बोलतो. मी सकाळधरनं सिरसाळ्यावरून येऊन ऱ्हायलो!"

*

मग तालुक्याच्या ठाण्यातून सर्क्युलर आलं. गावात संशयित परका इसम आढळल्यास पोलीस पाटलांनी ताबडतोब लेखी कळवावं.

तात्यांना इतक्या वर्षांत असं मोठं काम कुणी दिलं नव्हतं. दोन दिवस खपून त्यांनी रिपोर्ट लिहिला. इसमाचं नाव गुरमेलसिंग, उंची भरपूर, दाढी भरपूर, धंदा पाणी. आता हा रिपोर्ट ठाण्यात नेऊन द्यायचा. एसटी त्या दिवशी आली नाही. रस्त्यावर उभे राहिले, तेवढ्यात टँकर आला. तात्यांनी हात केला.

ठाण्यात फौजदारानं रिपोर्ट वाचला आणि खुर्चीत ताठ झाला. "हा इसम सध्या कुठंय?"

"भाईर हाय."

"बाहेर? कुणी धरून आणला?"

"धरून कोन आनंल सायेब? त्यानंच आनलं मला. चहा सांगायला गेलाय. तुमच्यात साखर किती टाकू, इचारत हुता."

फौजदारानं रिपोर्टाची घडी केली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाला, "कमी टाकायला सांगा."

*

अण्णांचा किस्सा सांगितला तर माझी नोकरी जाईल. सांगतो.

दुसऱ्या एका पुढाऱ्याला सरकारनं बंदूकवाला शिपाई दिला. तेव्हापासून अण्णांना जेवण गोड लागेना. आपल्या जिवाला धोका नाही म्हणजे काय, आपण काय कमी आहोत? आणि एक दिवस अण्णांना पत्र आलं! पंजाबच्या अतिरेक्यांचं! 'तुम्हाला ठार करण्यात येईल.'

कारखान्यावर धावपळ. संचालक जमले, तात्या जमले, पाजीलाही बोलावलं, भाषा ओळखतो का बघायला. पाजीनं पत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"अण्णा, सुरवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहिलंय."

"मग? शिकलेला असंल एखादा."

"मराठीत हाय सगळं."

"भाषांतर करून घेतलं असंल!"

मी पत्राची मागची बाजू बघितली. छापील होती. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. मी म्हणालो, "अण्णा, एकच शंका हाय. ही नोटीस आजवर एकाही सभासदाला मिळालेली न्हाई. अतिरेक्याला कशी काय मिळाली?"

शिपाई अण्णांना मिळाला नाही. मला मात्र महिनाभर सगळ्यात लांबची गावं मिळाली.

*

आता विषाचं.

कुठून तरी बोलवा उठली की अतिरेकी पाण्यात विष टाकतायत. शहरात उठली असती तर चार दिवस टिकली असती. आमच्याकडं पाणीच टँकरनं येतं आणि टँकरवर सरदार! बोलवा पाय पसरून बसली.

त्या दिवशी मी पाजीच्याच गाडीत होतो, माझी पंक्चर होती. बोरवाडीला पोचलो तर विहिरीभोवती सगळं गाव. घागरी रिकाम्या, पोरांचे ओठ फुटलेले, तीन दिवसांत पाण्याचा थेंब नाही. पाजीनं पाईप विहिरीत सोडायला घेतला तर तात्यांनी काठी आडवी घातली.

"थांब. पैला तांब्या तू प्यायचा."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तात्या, लाज वाटती का? बारा वर्षं तुमच्यात जेवतोय हा मानूस! तुमचा तलाव कुनी प्याला ते कधी इचारलं न्हाई, आन् ह्याला तांब्या प्यायला लावता?"

"तू गप ए नापास!"

पाजी टाकीच्या नळाकडं वळला. तांब्या भरला, घटाघटा प्याला, पुन्हा भरला, पुन्हा प्याला. तात्या म्हणाले, "अर्धा तास बगू." मग पाजी बाभळीखाली टेकला आणि सगळं गाव त्याच्याकडं बघत बसलं. बाया, म्हातारे, शेळ्या. पहाटेपासून गाडी चालवलेला माणूस, पोटात दोन तांबे गार पाणी. पाजीचे डोळे मिटले. मान कलली. तोंड उघडं पडलं.

"मेला वं माय!" एक बाई किंचाळली. बाया रडायला लागल्या, दोघं माझ्या अंगावर धावून आले, तात्यांची काठी गळाली. म्हातारा पाजीच्या छातीला कान लावायला वाकला आणि तेवढ्यात पाजी घोरला. असा घोरला की शेळ्या उधळल्या!

पण नियम पडला तो पडलाच. बोरवाडीचं बघून बाकीची गावंही लागली. रोज सहा गावं, प्रत्येक गावात पहिला तांब्या पाजीचा. परत येताना चार वेळा गाडी थांबायची. पाजी झाडाआडून ओरडायचा, "कॉलेज, अतिरेकी होनं ह्याच्यापेक्षा सोपं असंल रे!"

*

उन्हाळ्याच्या तोंडावर तार आली. पाजीचा धाकटा भाऊ गोळी लागून गेला. गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होता. पाजी तसाच नांदेडला गेला, तिथून पुढं पंजाबला.

त्याच्या गावांना मी पाणी न्यायला लागलो. पहिल्याच दिवशी बोरवाडीत पाईप सोडला तरी एक बाई पुढं येईना. एका म्हातारीनं तांब्या माझ्यापुढं धरला.

"आजी, मी कावून पिऊ? मी काय सरदार हाय?"

"पे बाबा. डायवरनं प्याल्याबिगर आमी पानी भरत न्हाई."

"विषाचं खोटं होतं ते!"

"कसलं इष?" म्हातारी म्हणाली. "मान असतो त्यो."

दोन महिन्यांत संशयाचा मान झाला होता. ह्या लोकांवर रागावायचं तरी कसं?

अण्णांना मात्र काही विसर पडला नव्हता. म्हणाले, "भाऊ मारला गेला म्हंजी त्या पोरांतलाच असनार. आता सरदार परत आला तर गाडी द्यायची न्हाई. बोरवाडीच्या पोलीस पाटलानं लेखी दिलं तरच बगू."

मी तात्यांकडं गेलो. हात जोडले नाहीत, पण आवाज कमी ठेवला, माझ्यासाठी तेच खूप. तात्या नुसते म्हणाले, "बगू." मी येताना त्यांच्या दारात मोठ्यांदा शिवी हासडली.

*

पाजी दीड महिन्यानं आला. दाढी सगळी पांढरी. लिंबाखाली मी त्याचाच टँकर भरत होतो. विचारायचं कसं कळेना, तर तोच बोलला. हा किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

"अंधार पडला की पोरं यायची, बंदूक घेऊन. रोटी मागायची. गावातलीच रे, मी खांद्यावर घेतलेली. सकाळी पोलीस यायचे, रोटी कावून दिली म्हणून भावाला मारायचे. पुढच्या खेपेला भावानं रोटी दिली न्हाई. पोरांनी गोळी घातली."

मी टाकीत पाणी किती आलं ते बघितलं.

"आता तिथं भिंतीवर कागद लागतात. बाईनं काय नेसायचं, मानसानं डोक्याला काय बांधायचं, लग्नात किती जन न्यायचे. खाली बंदुकीचं चित्र." त्यानं पाईपचा कॉक बंद केला. "भर झाली, कॉलेज. चल."

"पाजी, अण्णा तुला गाडी देत न्हाईत."

"ठाऊक हाय. वॉचमननं सांगितलं. आज तुझ्या बाजूला बसून येतो. उद्या खोली रिकामी करतो."

*

बोरवाडीच्या विहिरीवर गाव उभं होतं. नेहमी असतं, पण आज घागरी बाजूला ठेवलेल्या आणि मधे तात्या. धुतलेलं धोतर. बगलेत कागदाचं पुडकं. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी काढणार हा म्हातारा. मी भांडायच्या तयारीनंच खाली उतरलो.

पाजी उतरला. तात्यांनी पुडकं सोडलं. आत नवा टावेल आणि नवी पांढरी टोपी.

आमच्याकडं घरात माणूस गेलं की आपली माणसं दुखवटा घेऊन येतात. सोयरे, भाऊबंद. टावेल खांद्यावर टाकतात, टोपी डोक्यावर घालतात, मग तो माणूस पुन्हा कामाला लागतो. परक्याला कुणी दुखवटा आणत नाही.

तात्यांनी टावेल पाजीच्या खांद्यावर टाकला. मग टोपी उचलली आणि थांबले. एवढा वेळ त्यांच्या ध्यानात आलंच नव्हतं! समोर पाच वार पगडी. सरदाराला टोपी चालत नाही, हे मला माहीत होतं. पाजीला तर होतंच. तात्यांना नव्हतं.

मी म्हणालो, "तात्या, आवो…"

पाजीनं माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसलो. मग तो सहा फुटी माणूस तात्यांपुढं वाकला.

तात्यांनी टोपी पगडीवर ठेवली. घसरली. पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा पाजीनं स्वतःच वरून हात धरला. सबंध गाव बघत होतं. कुणी हसलं नाही. शेळ्यासुद्धा गप्प होत्या.

मग पाजीनं सवयीनं दुसरा हात तांब्याकडं नेला. तात्यांनी त्याचं मनगट धरलं. तांब्या स्वतः घेतला, टाकीच्या नळाखाली भरला, सगळ्यांदेखत अर्धा प्याले. उरलेला पाजीच्या हातात दिला.

पाणी विहिरीत पडलं, बायांनी घागरी भरल्या. मी स्टिअरिंगवर चढायला लागलो, तर मागून तोच बैल दचकवणारा आवाज.

"ए नापास! तिकडून बस. गाडी त्याची हाय."

"अण्णांनी लेखी मागितलंय, तात्या."

"अण्णाला म्हनावं, बोरवाडीला ये. सांगतो तोंडी."

पाजी गाडीत चढला. मी बाजूला बसलो. त्याचा एक हात स्टिअरिंगवर, एक हात टोपीवर. गाव अजून बघत होतं. इंजिन चालू झालं, क्लच दाबला, आणि गाडी जागची हलेना. पाजीनं समोर रस्त्याकडं बघत नुसतं म्हटलं, "कॉलेज."

गिअर मी टाकला.