शेजारच्या घरातलं बटण

माझ्या पोटानं एकदा एसटी थांबवली आहे. कळंबला बासुंदी खाल्ली होती आणि रस्त्यात पोट असं गुरगुरलं, की ड्रायव्हर खाली उतरून इंजिन तपासायला लागला. दूध मला पचत नाही. आणि स्थळ सांगून यावं कुठलं? भूमचं, खव्याची भट्टी असलेल्या घरचं!

मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. फोनवर दोनदा बोलणं झालं आणि मी पार विरघळलो. पण त्या घराची एक रीत होती. बघायला येणाऱ्या नवरदेवानं कढईतला पहिला गरम गोळा उभ्याउभ्या खायचा. म्हटलं, बायको मिळत असेल तर पोट गेलं खड्ड्यात. खाल्ला. बोलणी रंगात आली आणि पोट असं गरजलं, की गोठ्यातल्या म्हशींनी ओ दिली.

मुलीचे वडील, आबा, उलथणं खाली ठेवत म्हणाले, "पाव्हणं, ज्याला आमचा खवा पचत न्हाय, त्याला आमची लेक काय पचणार?"

मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात मुलगी बाहेर आली आणि वर्गात शिरल्यासारखी सुरू झाली. म्हणाली, ह्यांच्यात कमी काहीच नाही. दूध पचवायचा जीन ह्यांच्या पेशीपेशीत शाबूत आहे. लहानपणी आतड्यातल्या पेशी त्याची नक्कल काढायच्या आणि त्या नकलेबरहुकूम पाचकरस बनवायच्या. मोठेपणी नक्कल काढणं मंदावलं, एवढंच. पुष्कळांचं तसंच होतं. आणि गंमत म्हणजे, ते चालू-बंद करायचं बटण त्या जीनमध्ये नाहीच. शेजारच्या जीनच्या पोटात आहे.

आबा विचारात पडले. त्यांच्या बोअरचा स्टार्टर शेजाऱ्याच्या शेडात होता, आणि शेजारी तो कधी दाबेल हे देवालाही ठाऊक नसायचं.

"म्हंजे मोटर चांगली हाय," ते म्हणाले, "पर बटण शेजाऱ्याकडं."

"व्हय, आबा," मुलगी म्हणाली.

"तरी खवेवाल्याचा जावई अन् खवा खात न्हाय? लोक हसतील."

आतून भाकरी थापता थापता मुलीची आई शांतपणे म्हणाली, "तुमाला तरी कुठं पचतोय? जिभेला लावून थुकता, अन् गिऱ्हाइकाला म्हणता झकास."

भट्टीतला जाळसुद्धा लाजून खाली बसला. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग ते बाजेवर जरा सरकले.

"बसा. भाकरी-तूप चालतंय का?"

"लई."

लग्नात अख्ख्या तालुक्यानं पेढे हाणले आणि आम्ही दोघांनी मांडवामागं भाकरी-तूप. आता मला लेक झाली आहे. दुधासाठी ती असं भोकाड पसरते, की पार सोनारीच्या देवळातल्या घंटा वाजतात. आबा तिला मांडीवर घेतात, वाटी तोंडाला लावतात आणि सांगतात, "पिऊन घे बाई, शेजारी बटण दाबतोय तवर."