माळ्यावरची भिजकी गादी

लिही गं बाळा. माझ्या थोरल्या जावेची गोष्ट आहे. गोड नाही, आधीच सांगते.

जाऊ गाद्या शिवायची. सगळी गल्ली तिला गादीवालीच म्हणायची. नदीकडच्या उतारावर खाली दुकान आणि वर आम्ही सगळे. थोरले दीर कापूस पिंजायचे, ही खोळी शिवून टाके घालायची. नाकात सदा कापूस. बोलली की शिंकायची, शिंकली की शिवी द्यायची. पण माया अशी की माझ्या बाळंतपणात स्वतःची गादी उसवून मला नवी भरून दिली.

वर धरण होतं आणि धरणावर एक साहेब. आता बघ, पावसाळ्यात धरण काठोकाठ भरून ठेवायचं नसतं. वरून लोंढा आला तर त्याला जागा नको का? पोट थोडं रिकामं ठेवायचं, पाणी थोडं थोडं सोडत राहायचं. हे मला फार मागाहून कळलं. साहेबाला आधीच कळत होतं. पण भरलेला तलाव बघायला पाहुणे यायचे, नावेत बसायचे, साहेबाची वाहवा व्हायची. ठेवलं भरून. मग वर धो धो कोसळला, आणि यानं सगळे दरवाजे एकदम उघडले. इशाऱ्याचा भोंगा तर कधीचा बंद.

आम्ही जेवत होतो. पाणी आलं ते थेट दुकानात. आम्ही जिन्यानं वर पळालो, दीर पिंजायचं यंत्र वाचवायला खाली थांबले. ओला कापूस काय जड होतो, काय फुगतो! गठ्ठे जिन्याच्या दाराला जाऊन अडकले. दार हलेना. गेले माझे दीर.

जाऊ धरणावर गेली, मी सोबत. साहेब म्हणाला, "आम्ही नियमाप्रमाणे कळवलं होतं, बाई. नोटीस लावली होती."

"कुठं?"

"इथं. कचेरीच्या दारावर."

जाऊ तो कागद बघून मागं वळली. शिंकलीसुद्धा नाही. घरी येऊन तिनं एक भिजकी गादी पिळली आणि माळ्यावर टाकली. म्हणाली, "ही त्या साहेबाची."

मग तिनं गल्लीला एक रीत लावून दिली. सगळ्यात वरच्या घरातून नदी लांबवर दिसते, म्हणून त्यांनी नदीच्या पायऱ्यांवर नजर ठेवायची. पाणी पायरी चढलं की पातेलं बडवायचं. खालच्यानं ऐकून त्याच्या खालच्याला. आधी पातेलं, मग सामान. कागदपत्रं पत्र्याच्या डब्यात वर, विजेचं बटण बंद, आणि वस्तूसाठी खाली थांबेल त्याला तिची शिवी. माणसं वाचली गं त्यानं.

पुढं साहेब निवृत्त झाला, आणि त्यानं घर कुठं घ्यावं? आमच्या खालचं, गल्लीतलं शेवटचं. नदी दिसते म्हणे! जावेला त्यानं ओळखलं नाही. पातेल्याचं सांगितलं तर हसला. "मला कशाला? धरणावर माझ्याच हाताखालची पोरं आहेत. फोन करतील."

"बरं," जाऊ म्हणाली. इतकं गोड बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पुन्हा तसाच पाऊस आला, तोही रात्री. नवा साहेब बेतानं सोडत होता, तरी नदी चढली. वरून पातेली वाजत वाजत आमच्यापर्यंत आली. जाऊ सुईत दोरा ओवत बसली.

मी म्हटलं, "जाऊबाई, वाजवा की!"

"बस खाली."

"अहो, माणूस मरेल!"

"मरू नाही देणार. मेला तर त्याला कळायचं कसं?"

खिडकीतून खाली साहेबाच्या घरात बघत राहिली; दिवा जळत होता, साहेब खाटेवर घोरत होता. पाणी त्याच्या उंबऱ्यावर आलं, आत गेलं, खाटेला लागलं. तेव्हा उठली आणि असं पातेलं बडवलं की बूड चेपलं. साहेब कमरेपर्यंत भिजून आमच्या जिन्यात आला. पोरांचा फोन काही आला नव्हता.

"तुम्हाला कळलं होतं? मग मला का नाही सांगितलं?"

"कळवलं की, साहेब. नियमाप्रमाणे. नोटीस लावलीय." आणि तिनं आमच्या दाराची आतली बाजू दाखवली. खरंच कागद डकवला होता. कोराच. तिला कुठं लिहिता येतंय!

साहेबानं कागद बघितला, मग तिच्याकडं बघितलं. आत्ता ओळखलं.

जावेनं माळ्यावरून गादी काढली. काळी पडलेली, गोळे गोळे झालेली, कुबट वास. "झोपा. तुमच्याच पाण्यानं भिजलीय."

"दुसरं काही नाही का, बाई?"

"आहे. सतरंजी आहे, घोंगडी आहे. पण ती आमची."

झोपला तो त्यावर. म्हणजे पडला.

आता दर पावसाळ्यात तोच धरणावर फोन करतो, पोट रिकामं ठेवलंय का म्हणून नव्या साहेबाला भंडावतो, आणि किती पाणी सोडलं ते खालून ओरडून सांगतो. जाऊ ऐकून घेते आणि खिडकी लावते.

गादी पुन्हा माळ्यावर आहे. मी म्हटलं, "फिटलं की आता, टाकून द्या ती."

ती म्हणाली, "का? तो आहे अजून."