आमच्या पक्षातला फितूर

"काशिनाथ गेला," असं बोरीवली कोर्टात कारकुनाने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कुठे?" सात वर्षं ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्या मरणाच्या बातमीवरही आधी संशयच आला. तिशीतला, वल्ही मारून घट्ट झालेला माणूस साध्या काविळीने जातो? पण गेला होता...

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये आंतरराष्ट्रीय कायदा शिकत होतो. वर्गात पोरं इतकी थोडी, की शाई वाळायच्या आत हजेरी संपायची. मी बोरीवलीचा, काशिनाथ मनोरीच्या कोळ्याचा. सर फळ्यावर खडूने सागरी हद्द आखू लागले की हा मागून म्हणायचा, "सर, रेघ जरा पुढं न्या, तिथं खडक हाय." आणि सर, देवाशपथ, रेघ पुसून पुन्हा काढायचे!

मग मूट कोर्टची स्पर्धा आली. मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांनी लढवायचा लुटुपुटीचा खटला. पण जिंकणारी जोडी दिल्लीला जाणार, आणि दिल्लीत जिंकली तर थेट हॉलंडला. मी आमच्या सोसायटीत हॉलंड पक्कंच करून टाकलं होतं. आत्याने स्वेटर विणायला घेतला, खालचे शहाकाका ट्युलिपचे कांदे मागू लागले. खटला असा: एका देशाने शेजारच्या देशाचे मच्छीमार हद्द ओलांडली म्हणून पकडलेत. आम्ही मच्छीमारांच्या बाजूने. काशिनाथने कागदपत्रांच्या तळातून एक पत्र हुडकलं. पकडणाऱ्या देशाच्याच मंत्र्याने त्यात कबूल केलं होतं, की हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे जाळी टाकतात. झकास! हे पत्र ऐन वेळी बाहेर काढायचं, असं मी ठरवलं. झोपेत बरळेन या भीतीने मी आठवडाभर तोंडात उशी धरून झोपलो.

दोन दिवस आधी बघतो तर हा कॅन्टीनमध्ये विरुद्ध जोडीबरोबर चहा पितोय. टाउनची, म्हणजे दक्षिण मुंबईतली, टायवाली पोरं.

"काय रे काश्या, काय चाललं होतं?"

"खटल्याचंच बोलत होतो."

"मला येडा समजतो काय?"

"नाय रे, खरंच."

इतकं सरळ उत्तर देणारा माणूस नक्कीच काहीतरी लपवतोय, हे मी तिथेच ओळखलं. स्पर्धेच्या दिवशी मी पत्र असं उगारलं, की पंखेसुद्धा थबकले असावेत. टायवाला शांतपणे उठला, वहीचं पान उलटलं आणि मंत्र्याला असं कबूल करायचा अधिकारच कसा नव्हता, हे मुद्देसूद सांगून खाली बसला. वाट लागली.

जिन्यात मी काशिनाथची कॉलर धरली. "तू फोडलंस?"

"मी त्यांना सांगितलं. न सांगता कसं मांडायचं? तू मनोरीला ये एकदा, दाखवतो."

"काय दाखवणार? बोंबील?"

गेलो नाही. पुढे एकाच कोर्टात वकिली करूनही आम्ही नुसती मान हलवायचो. मी पुरावे जमवत राहिलो. त्याने नवे बूट घेतले, संशय. टायवाल्याच्या वडिलांच्या फर्ममध्ये त्याला नोकरी मिळेल म्हणून डोळा ठेवला, तर तीही मिळाली नाही. फितुरीचं काहीच पदरात पडू नये, हे तर मला फारच संशयास्पद वाटलं...

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मार्व्याहून होडीने मनोरीला गेलो. हिरावहिनींनी, त्याच्या बायकोने, ओट्यावर बसवलं. समोरासमोर दोन बाकडी होती. भेटायला आलो म्हटलं, पण जीभ कुठली राहते! "वहिनी, कॉलेजात काशिनाथने माझ्याशी..."

"थांबा भावजी. इथं एकट्याचं नाय ऐकत."

मग त्यांनी सांगितलं. गावात जाळ्याच्या जागेवरून तंटा झाला, की ज्याची तक्रार त्याने आधी समोरच्याच्या घरी जायचं. मी काय बोलणार, काय दाखवणार, सगळं सांगून यायचं. मगच दोघं या बाकड्यांवर बसणार. लपवून ठेवलेलं आयत्या वेळी काढलं, तर ते धरत नाहीत. आधी सासरे बसायचे ऐकायला, मग काशिनाथ. "वकील झाले, पण ही खोड नाय सुटली," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काय ते बोला. पण समोर कोण बसणार?"

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी समोरच्या रिकाम्या बाकड्याला माझी सगळी तक्रार सांगितली, अगदी पहिल्यापासून, मीठमसाला न लावता.