तिथीची पाऊणपट

ढवळे गुरुजी गेल्याची बातमी घेऊन त्यांचा मुलगा आमच्या शाळेत आला, तेव्हा मी पाचवीला नकाशा शिकवत होते. आठवड्यापूर्वीच त्यांच्या नेरुळच्या घरी चहा पिऊन निघताना ते सवयीने दारात म्हणाले होते, "आज दशमी. साडेसातला भरती." चौथ्या मजल्यावरून खाडी दिसतही नव्हती... पण नाद तो नाद.

गुरुजी मंगळवेढ्याकडचे. समुद्र पाहिला तो बदली होऊन खाडीकाठच्या आमच्या सारसोळ्याला आल्यावर, पंच्याहत्तर सालच्या आसपास. शनिवारचा शेवटचा तास सामान्यज्ञानाचा. भूकंप का होतो, जुने किल्ले खाडीकाठीच का, गावकी कशी चालते, सगळं एकाच तासात यायचं. प्रत्येक माहितीखाली फळ्यावर 'आधार' लिहायचाच, हा त्यांचा दंडक. पुस्तकाचा असो की माणसाचा.

एका पौर्णिमेच्या शनिवारी शाळा सुटल्यावर भर दुपारी त्यांना खाडी तुडुंब दिसली. झालं. भरती रोज याच वेळी येते असं धरून पुढच्या रविवारी बाराला ती दाखवतो म्हणाले. पाणी नसणार हे आम्हा गावच्या पोरांना ठाऊक होतं, पण गुरुजींना सांगणार कोण? तेल लावून, भांग पाडून सातवीचा अख्खा वर्ग बांधावर उभा राहिला. समोर नुसता चिखल आणि त्यात उड्या मारणारे निवटे मासे. गुरुजी चूक घड्याळाचीच असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले.

बाबा तिथेच जाळं विणत बसले होते. सातवी झाली की माझी शाळा बास, आईला मासळीबाजारात हात हवा, असं घरात ठरतच आलं होतं, आणि त्यात मास्तरांची ही फजिती. पण बाबा हसले नाहीत. "मास्तर, आज आठम हाय. पानी सांजचे सहाला भरंल. तिथीची पाऊनपट करायची."

गुरुजींनी बोटांवर आठाची पाऊणपट केली, सहा आले. मग हा माणूस उपाशीपोटी सहापर्यंत बांधावर बसला! पाणी आलं तेव्हा लहान मुलासारखा खूश झाला आणि बाबांना म्हणाला, "उद्या वर्गात या. हे तुम्हीच शिकवा, मला जमायचं नाही."

बाबा धुतलेला सदरा घालून आले. चंद्र, तिथी, उधाण, सगळं सांगितलं. गुरुजी मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते. शेवटी उठून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आधार: जोमा कोळी'. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते वाचून दाखवलं. परतताना ते म्हणाले, "ज्या शालेत मी मास्तर, तिथून पोर कशी काढू?" तो विषय तिथेच संपला. आज मी खडू हातात धरते तो त्या चिखलामुळे.

परवा गुरुजींच्या पत्नीला, काकूंना भेटायला गेले. स्वयंपाकघराच्या दाराला गुरुजींचं कॅलेंडर. रोजच्या तिथीखाली पेन्सिलीने भरतीची वेळ, महिन्याच्या तळाशी आधार म्हणून बाबांचं नाव. गेली कित्येक वर्षं असंच चाललेलं. काकूंनी नुकतंच पान उलटलं होतं, आणि नवा महिना कोरा होता. त्यांनी पेन्सिलीचा तुकडा माझ्या हातात दिला. मी शेवटच्या तारखेपर्यंत सगळा भरला. खाली बाबांचं नाव लिहिलं, आणि डोळे पुसत त्यापुढे गुरुजींचं लिहायला घेतलं, तर काकूंनी हात धरला.

"त्यांचं नको गं, रागावतील. त्यांना कुठे पाणी कळत होतं?"

आम्ही दोघी हसलो, खूप हसलो. मग मी वर आजच्या चौकटीत पाहिलं. षष्ठी, साडेचार. निघायला हवं होतं. साडेचारला मी वर्गाला बांधावर बोलावलं होतं.