यमुनाबाईंची अर्धी झालर

कविताचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या भाजीबाजारात वांगी निवडत होतो. कविता म्हणजे यमुनाबाईंची सून. एरवी फोन केला की आधी "जेवन झालं का जी गुर्जी?" असं विचारणारी ही पोर त्या शुक्रवारी थेट म्हणाली, "गुर्जी, आई गेल्या... सकाळी चाय पेल्या, जरा पडते म्हनल्या, अन् तशाच गेल्या." मी हातातलं वांगं परत ढिगात ठेवलं. भाजीवाला "ले लो ना भैया, ताजा है" म्हणत राहिला आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि पाणी आणून दिलं.

आदल्याच रविवारी मी त्यांना भेटून आलो होतो. धानकापणी जोरात होती. घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, भिंतीला पाठ टेकून, त्या उन्हात बसल्या होत्या आणि मांडीवर लोंब्यांची झालर होती, अर्धीच विणलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवं धान हाती आलं की आमच्या पूर्व विदर्भात काही घरांच्या दाराशी अशी झालर टांगतात. लांब काडीसकट लोंब्या कापायच्या, काड्या ओल्या असतानाच एकमेकींत गुंफून पट्टा विणायचा आणि दाण्यांचे घोस खाली लोंबते ठेवायचे. शोभाही होते आणि चिमण्यांचं पोटही भरतं. यमुनाबाईंच्या हाताला हे काम इतकं सवयीचं होतं की बोलता बोलता, सुनेवर ओरडता ओरडता, बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, पाहता पाहता त्या विणत. त्या दिवशी मात्र बोटं थांबलेली. "हात भरून येते जी आता," त्या म्हणाल्या, "बाकीची तुमी करा." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "तुमच्या कामाला हात लावून बिघडवू काय? पुढच्या रविवारी येतो, तोवर पुरी करून ठेवा." त्या नुसत्या हसल्या... तेवढंच.

आमची ओळख झाली तीच मुळी एका टोमण्यातून. इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या त्या गावात माझी चित्रकला शिक्षक म्हणून बदली झाली तेव्हा मी स्वतःवर आणि जगावर सारखाच रुसलो होतो. कधीकाळी मोठा चित्रकार व्हायचं होतं. झालो मास्तर, तोही आडगावातला. रंगांची पेटी गोंदियाच्या घरी माळ्यावर टाकून आलो होतो. वर्गात शिकवायचो ते पाट्या टाकल्यासारखं. यमुनाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. एका दुपारी मी मुलांकडून घोटीव कागदाची फुलं करून घेत होतो आणि त्या जेवणाची वर्दी द्यायला दाराशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग गंभीर चेहऱ्याने विचारलं, "गुर्जी, हे फूल कोन खाईल?"

मुलं खो खो हसली. माझा पारा चढला. मी म्हटलं, "फूल खायचं नसतं बाई, बघायचं असतं." त्या म्हणाल्या, "हो का? आमाले तं ठावंच नाई," आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी खिचडी चुलीवर चढवून त्या वर्गात आल्या त्या पदरात लोंब्यांचा भारा घेऊन. कोणाची परवानगी नाही, काही नाही. खाली बसल्या आणि विणायला लागल्या. मुलं बाक सोडून भोवती जमली. मीही, रागावलेलाच, पण बघत उभा राहिलो. त्यांची बोटं काय करतात ते मला कळेना. तीन काड्या आत, एक बाहेर, घोस खाली, पुन्हा तीन आत... एवढी चित्रकलेची पदविका घेतलेला माणूस, पण मला पहिला पेडही घालता येईना. त्या दिवशी खिचडी तळाला लागली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा बाई निर्विकारपणे म्हणाल्या, "गुर्जी शिकून रायले होते, म्हून लागली."

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. मी हट्टाने शिकलो. घरी सराव केला, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला शिकलो, आणि महिनाभरात इतकी सुबक, एकसारखी, घट्ट झालर विणली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "झाक हाय," त्या म्हणाल्या, "पन घट्ट हाय. ढिल्लं सोडा जी, चिमनीची चोच आत गेली पायजे." मला ते काही पटलं नाही. शाळेच्या दाराला एका बाजूला त्यांची झालर टांगली, दुसऱ्या बाजूला माझी. पंधरवड्यात त्यांच्या झालरीत नुसत्या काड्या उरल्या. माझी पावसाळ्यापर्यंत जशीच्या तशी, धूळ खात. मुलं येता-जाता म्हणायची, "गुर्जींची झालर उपाशी हाय!" उपाशी झालर नव्हती, चिमण्या होत्या, पण मुलांना कोण सांगणार?

यापेक्षा मोठा गाढवपणा मी पुढच्या वर्षी केला. जिल्ह्याच्या ठिकाणी हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी बाईंच्या मागे लागून त्यांची सर्वांत लांब, सर्वांत देखणी झालर मागून घेतली. दाणे गळू नयेत, किडू नयेत, चकाकावेत म्हणून तिला व्हार्निशचे दोन हात दिले. विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. बाई नवं लुगडं नेसून एसटीने गोंदियाला आल्या. लोक झालरीसमोर थांबत होते, वा वा करत होते, फोटो काढत होते. बाई पुढे झाल्या, त्यांनी एक घोस बोटांत धरला, मग बोटं नाकाशी नेली. चेहरा उतरला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून शेवटी म्हणाल्या, "गुर्जी, हे तुमी काऊन केलं? आता चिमनी खाईल तं मरंल."

मी टिकण्याबद्दल काहीतरी बोललो. झालर वर्षानुवर्षं राहील, लोक बघतील, तुमचं नाव राहील वगैरे. "मी चिमनीसाठी इनली होती," एवढंच त्या म्हणाल्या. घरी गेल्यावर त्यांनी ती झालर चुलीत घातली. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या ताटात खिचडी वाढायच्या, पण "आनखी देऊ का?" हे विचारणं बंद. पाचव्या दिवशी मी स्वतःहून त्यांच्या बांधीवर गेलो, चुकलं म्हणालो. त्या कमरेत वाकून लोंब्या कापत होत्या. वर न बघता त्यांनी माझ्या हातात विळा दिला. प्रदर्शनातलं प्रमाणपत्र मात्र त्यांनी पेटीत जपून ठेवलं होतं. म्हणायच्या, "हे कायले जाळू? चिमनी तं हे खातच नाई."

त्या बांधीचा एक कोपरा ही तर यमुनाबाईंची खास जागीर. मुलाने पुढे सगळीकडे बुटक्या जातीचं धान लावलं, कापायला हार्वेस्टर आणायला लागला. पण बुटक्या धानाची काडी विणायला पुरत नाही आणि यंत्रातून लोंबी सलग निघत नाही. म्हणून एका कोपऱ्यात जुनं, उंच धान लावायचं आणि ते विळ्यानेच कापायचं, असा बाईंचा कायदा होता. मुलगा दरवर्षी कुरकुरायचा. हार्वेस्टरवाला वळसा घालावा लागतो म्हणून वैतागायचा. बाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठी घेऊन उभ्या राहायच्या आणि यंत्र दुरून जाईपर्यंत हलायच्या नाहीत. पहिली झालर गावच्या बुद्धविहाराच्या दाराला, दुसरी शाळेला, तिसरी घरी, हा क्रमही कधी चुकला नाही.

शिकवणं असं त्यांनी कधी केलंच नाही म्हणा ना. समोर बसायचं, विणायचं, आणि दुसऱ्याचं चुकलं तरी हात लावायचा नाही. एखादी मुलगी रडकुंडीला आली की म्हणायच्या, "उसव बाई, पुन्हा कर. धान काई पळून नाई जाऊन रायलं." त्यांच्याजवळ शिकलेल्या मुली आता कुठे कुठे आहेत. एक तिरोड्याला नर्स आहे, ती क्वार्टरच्या खिडकीला झालर टांगते आणि मला फोटो पाठवते. मी एकदा बाईंना विचारलं, इतकी वर्षं हे करता, कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, "हात खुश रायते जी." मला त्या उत्तराचा हेवा वाटला. त्या सुट्टीत मी माळ्यावरची रंगांची पेटी काढली. नळ्या बऱ्याचशा सुकल्या होत्या. ज्या चालल्या त्यांतल्या रंगांनी पहिलं चित्र काढलं ते बाईंच्या हातांचं. त्यांना नेऊन दाखवलं. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "बोटं तं माहीच हायत. पन थांबून काऊन रायली?" मी पुन्हा काढलं. निवृत्त झाल्यावरही काढत राहिलो, अजून काढतो. मोठा चित्रकार झालो नाहीच, पण आता त्याचं काही वाटत नाही. सकाळी कागद घेऊन बसलो की मी सुखात असतो, आणि हे सुख मला खिचडी शिजवणाऱ्या एका बाईने दिलं, हे मी कोणालाही सांगतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो तेव्हा कविताने आतून एक पंचा आणला. त्यात ती अर्धी झालर होती आणि सोबत न विणलेल्या लोंब्यांची पेंढी. "आई म्हनल्या होत्या, बाकीची गुर्जी करतीन." मी पंचा छातीशी धरून एसटीत बसलो आणि अर्जुनीपर्यंत खिडकीबाहेर पाहत रडलो. लपवलं नाही.

घरी आल्यावर शैला म्हणाली, "काचेत लावून घ्या. त्यांच्या हातचं शेवटचं आहे." मलाही अगदी हेच वाटत होतं. झालर टांगली असती तर पंधरा दिवसांत चिमण्यांनी फस्त केली असती, आणि मग बाईंच्या हातचं माझ्याकडे काय उरलं असतं? फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने टेपने मोजलं आणि विचारलं, "साहब, कीड़ा ना लगे इसलिए ऊपर से थोड़ा वार्निश मार दूँ?" मी झालर त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. बिचारा बघतच राहिला.

मग दोन दिवस मी बाल्कनीत बसून उरलेली झालर विणली. सुकलेल्या काड्या पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात ठेवल्या. बाईंचा शेवटचा पेड जिथे थांबला होता तिथूनच माझा पहिला पेड सुरू केला. पूर्ण झाल्यावर बाल्कनीच्या गजाला टांगली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाईसाहब, शादी-वादी है क्या घर में?" आमच्या भागात राईस मिल आहे, त्यामुळे चिमण्यांना तोटा नाही. दुसऱ्याच दिवशी आल्या. पहिला दाणा गेला. वाटलं, उठून हाकलून द्यावं... पण मी बसून राहिलो.

आठवडाभर त्या फक्त बाईंच्या बाजूला खात होत्या. माझ्या बाजूला यायच्या, दोनदा टोचायच्या, आणि पुन्हा तिकडे. शैलाला हसू आवरेना. "इतक्या वर्षांत शिकलात काय?" ती म्हणाली. मी जवळ जाऊन पाहिलं. बाईंचे पेड बोट जाईल इतके सैल, आणि माझे, बाईंच्या आठवणीने जपून जपून विणलेले, गच्च आवळलेले. दाणे घोसात रुतून बसले होते. मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि माझ्या बाजूचा एकेक पेड सैल करत गेलो. हात खुशीत होते.

आता बाईंच्या बाजूला एकही दाणा उरलेला नाही. नुसता काड्यांचा पट्टा वाऱ्यावर हलतो. आज सकाळी चहा घेऊन बसलो तेव्हा एक चिमणी तिथे आली, रिकाम्या पेडावर जरा वेळ बसली, मग उड्या मारत मारत माझ्या बाजूला आली आणि खायला लागली.